जास्वंदीच्या पाच पाकळ्या ठिपक्यांवर का बसत नाहीत?

सदर : रेघ आणि कोन (वाचकांचे प्रश्न, चित्रकलेच्या बाईंची उत्तरं)

मागच्या अंकात जुन्या वाड्यांतल्या नक्षीदार फरशीवर थोडं लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं बहुतेक सांगली-साताऱ्याकडचीच आहेत. मी सांगलीत मुलींना एलिमेंटरी-इंटरमिजिएटचं संकल्पचित्र आणि कर्तव्यभूमिती शिकवत आले, त्यामुळे काही अक्षरं लगेच ओळखू आली. सगळी पत्रं घेणं शक्य नाही. ज्यांना नीट उत्तर देता येईल अशी निवडली आहेत.

बाई, दिवाळीत दारात जास्वंद काढायची होती. सरळ ठिपक्यांवर चार पाकळ्यांचं फूल येतं, एक आड एक ठिपक्यांवर सहा पाकळ्यांचं येतं. पाच पाकळ्या मात्र कितीही ठिपके वाढवले तरी जमत नाहीत. एक पाकळी लांबते नाहीतर फेंगडी होते. माझा हात चुकतो का?
– एक गृहिणी, पलूस

तुमचा हात अजिबात चुकत नाही. नेमका पंचकोन ठिपक्यांवर बसूच शकत नाही, मग ठिपके सरळ असोत की एक आड एक, दहा असोत की दहा हजार. कारण समजून घ्या, फार सुंदर आहे.

एका ठिपक्यावरून दुसऱ्यावर जाताना एक ठरावीक उडी पडते, समजा दोन घरं उजवीकडे आणि एक घर वर. तीच उडी दुसऱ्या कुठल्याही ठिपक्यावरून मारली तरी आपण ठिपक्यावरच उतरतो. ठिपक्यांच्या रांगोळीची सगळी शिस्त एवढ्यात आली. आता असं धरून चाला की पाच ठिपके सापडले आणि त्यांचा नेमका पंचकोन झाला. कोपऱ्यांना क्रमाने अ, आ, इ, ई, उ म्हणा. ‘आ’वरून ‘इ’वर जायची जी उडी आहे ती ‘अ’वरून मारा. पंचकोनात आ-इ ही बाजू अ-ई या कर्णाला समांतर असते, म्हणून तुम्ही त्या कर्णावर, पंचकोनाच्या आत उतरता. आणि उतरता ते बरोबर त्या जागी, जिथे इ-उ हा कर्ण त्याला छेदतो. तिथे ठिपका असलाच पाहिजे. पाचही कोपऱ्यांवरून असं करा. आतल्या चांदणीच्या पोटात जो लहान, उलटा पंचकोन दिसतो, त्याचे पाचही कोपरे ठिपक्यांवर आले. मग त्याच्या पोटात आणखी लहान पंचकोन, त्याच्या पोटात आणखी लहान. असं जात राहिलं की पंचकोन दोन ठिपक्यांमधल्या अंतरापेक्षाही बारीक होणार, आणि तरी त्याचे कोपरे ठिपक्यांवर हवेत. हे होणं शक्य नाही. म्हणजे पहिला पंचकोनही शक्य नव्हता.

सहाचं का जमतं? तुम्ही ‘११ ते ६’ म्हणता ती रांगोळी आठवा : मधली ओळ अकरा ठिपक्यांची, मग वर आणि खाली एकेक कमी करत सहापर्यंत. आपल्या आज्या ज्याला नुसतं ‘११ ते ६’ म्हणायच्या तो नेमका समभुज षटकोन असतो, प्रत्येक बाजूवर सहा ठिपके, एकूण ९१. ‘१३ ते ७’ घ्या, तोही षटकोनच. मधल्या ओळीचा आकडा कडेच्या दुपटीहून एकाने कमी असला की षटकोन पुरा होतो. उदबत्तीने भोकं पाडलेला ठिपक्यांचा कागद घरी असेल तर त्यावरच मोजून बघा.

पाचाचं हे बंधन एवढं पक्कं होतं की, स्फटिकांतले अणूही ठिपक्यांसारखेच शिस्तीत बसतात म्हणून, त्यांतही पाचाची सममिती (पाचव्या हिश्शाने फिरवलं तरी रचना तशीच दिसणं) असू शकत नाही, असं शास्त्रज्ञ मानत आले. १९७०च्या दशकात इंग्लंडच्या रॉजर पेनरोझ यांनी दोनच आकारांच्या फरशा शोधल्या. त्या नियमाने जोडल्या की सगळी जमीन भरते, जागोजागी पाचाची फुलं दिसतात, पण एकच तुकडा ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा छापला जातोय असं कधीही होत नाही. मग १९८२ मध्ये दान शेख्टमन यांना अ‍ॅल्युमिनियम आणि मँगनीजच्या मिश्रधातूत तसलीच रचना दिसली. लोकांचा विश्वास बसेना. २०११ साली त्याच कामाला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

तुमच्या अंगणासाठी दोरा आणि खडू पुरे. एक वर्तुळ काढा. मध्यबिंदूपासून एक त्रिज्या सरळ वर, एक सरळ उजवीकडे. उजव्या त्रिज्येच्या मध्यावर दोरा धरा, वरच्या त्रिज्येच्या टोकापर्यंत ताणा आणि तेवढ्याच मापाने डावीकडे फिरवून आडव्या रेषेवर खूण करा. त्या खुणेपासून वरच्या टोकापर्यंतचं अंतर म्हणजे पंचकोनाची बाजू. तेच माप वर्तुळावर पाच वेळा टाका. जास्वंद अशीच काढायची, ठिपक्यांशी झगडू नका.

नमस्कार मॅडम. मी फरशी बसवण्याची कामं घेतो. एका बंगल्याच्या वळणाच्या जिन्याला कडप्पा कापला, त्यातनं एकाच मापाचे बरेच तुकडे उरलेत. चार बाजूंचे आहेत पण चारी बाजू निरनिराळ्या. एका अंगानं पॉलिश आहे. टाकून द्यायला जीव होत नाही. अंगणात घालायचे म्हटलं तर जुळतील का?
– मिरजेहून एक गवंडीकाम करणारे वाचक

दादा, सगळे जुळतील, एकाही तुकड्याला चीर न देता. फक्त भिंतीकडेला कापावं लागेल, ते तर कुठल्याही फरशीला लागतंच.

चार बाजूंचा कुठलाही आकार घ्या, त्याच्या चार कोनांची बेरीज ३६० अंश असते. आणि जमिनीवर एका बिंदूभोवती जागाही ३६० अंशांचीच असते. तेव्हा एका तुकड्याचे चार वेगवेगळे कोपरे, चार तुकड्यांमधून, एका ठिकाणी आणले की ती जागा भरलीच पाहिजे. फट उरणार नाही, तुकडा चढणारही नाही. मी मुलींना पहिल्या दिवसापासून हेच शिकवलं : आधी कोपऱ्याचा हिशेब करा, मग नक्षी.

काम असं करा. प्रत्येक तुकड्याच्या कोपऱ्यांवर खडूने १, २, ३, ४ लिहा, सगळ्यांवर एकाच क्रमाने. पहिला तुकडा ठेवा. दुसरा घ्या, जमिनीवरच अर्धा फेरा फिरवा आणि तीच बाजू त्याच बाजूला लावा, म्हणजे पहिल्याच्या १-२ बाजूला दुसऱ्याची २-१ येईल. चारी बाजूंना असंच. जिथे चार तुकडे भेटतात तिथे १, २, ३, ४ असे चारही आकडे दिसले पाहिजेत. एखादा आकडा दोनदा आला तर तो तुकडा चुकीचा बसलाय, लगेच उचला. सांधा सगळीकडे एकसारखा ठेवा, नाहीतर चार-पाच ओळींनंतर फरक वाढत जाईल.

पॉलिशची काळजी तुम्ही केलीत ते फार महत्त्वाचं आहे. इथे तुकडा फक्त फिरतो, पालथा होत नाही, म्हणून पॉलिश वरच राहतं. याच मुद्द्यावर अलीकडे जगभरच्या गणितज्ञांत चर्चा झाली. २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या डेव्हिड स्मिथ यांनी शोधलेला एक तेरा बाजूंचा आकार जगापुढे आला, टोपीसारखा दिसतो म्हणून त्याला ‘हॅट’च म्हणतात. छापखान्याच्या तांत्रिक कामातून निवृत्त झालेला हा माणूस पुठ्ठ्याचे आकार कापून टेबलावर जुळवत बसायचा. पेनरोझना दोन आकार लागले होते. इथे एकाच आकाराने सगळी जमीन भरते आणि नक्षी कधीच ठरावीक अंतराने पुन्हा येत नाही. तीन गणितज्ञांना सोबत घेऊन त्याने ते सिद्धही केलं. पण त्यात सहा-सात सरळ टोप्यांमागे एखादी पालथी लागते. तुमच्यासारखा कारागीर लगेच म्हणेल, पालथी फरशी म्हणजे वेगळी फरशी. गणितज्ञांपैकीही काहींनी तेच म्हटलं. काही आठवड्यांतच त्याच चौघांनी कडा किंचित वळवलेला दुसरा आकार पुढे आणला, त्यात एकही तुकडा पालथा करावा लागत नाही.

बाई, मी नववीत आहे. गणिताच्या सरांनी विचारलं, त्रिकोणी, चौकोनी, षटकोनी फरशी असते, मग पंचकोनी का नसते? मला उत्तर आलं नाही.
– विद्यार्थी, तासगाव

सुसम पंचकोनाचा, म्हणजे ज्याच्या सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे त्याचा, कोन १०८ अंशांचा. तीन कोपरे आणले तर ३२४, म्हणजे ३६ अंशांची फट. चौथा घालायला गेलास तर एकावर एक चढतो. त्रिकोणाचे साठ-साठचे सहा, चौरसाचे नव्वदचे चार, षटकोनाचे एकशेवीसचे तीन कोपरे बरोबर ३६० भरतात. षटकोनाच्या पुढे गेलं की तीन कोपरेसुद्धा मावत नाहीत. म्हणून एकाच प्रकारच्या सुसम फरशा फक्त तीन.

पण सरांना पुढचंही सांग. पंचकोन सुसम नसला तर तो बसू शकतो. कागदाचा चौरस घे, वर छप्पर काढ, लहान मुलं घर काढतात तसा पंचकोन होतो. एक सुलटा, एक उलटा ठेवत गेलास की कागद भरतो. असे एकूण किती प्रकार, हा प्रश्न पुष्कळ वर्षं अडला होता. अमेरिकेत सॅन दिएगोला मार्जरी राईस नावाच्या गृहिणी होत्या. मुलासाठी घरी येणाऱ्या विज्ञानाच्या मासिकात १९७५ साली त्यांनी याबद्दल वाचलं. गणिताचं शिक्षण शाळेपुरतंच. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, कुणी आलं की कागद झाकत, स्वतःच तयार केलेल्या खुणा वापरून त्यांनी काम केलं आणि नवे चार प्रकार शोधले. पंधरावा प्रकार २०१५ मध्ये संगणकाने सापडला. फुगीर, म्हणजे कुठलाही कोपरा आत न दबलेल्या, पंचकोनांचे एवढेच प्रकार आहेत, अशी सिद्धता २०१७ मध्ये फ्रान्सच्या मिकाएल राव यांनी मांडली.

ज्या मुलींच्या घरी ‘तुला काय करायचंय गणित’ म्हणतात, त्यांना मी राईसबाईंची गोष्ट नेहमी सांगते. तुझ्या बहिणीलाही सांग.

बाई, तुमचं सदर आवडतं, पण एक बोलतो. कलेत मोजमाप आणलं की तिच्यातला जीव जातो असं मला वाटतं. शिवाय तुम्ही सांगता ते सगळं स्पेन, इराण, इंग्लंडचं. आपल्याकडे काय आहे?
– एक निवृत्त वाचक, सातारा

तुम्ही साताऱ्यातून लिहिताय म्हणून आधी लिंबला जा, जवळच आहे. बारा मोटांची विहीर १७१९ ते १७२४ च्या दरम्यान विरूबाई भोसले यांनी बांधून घेतली. अष्टकोनी आहे. काठावर उभं राहून आठ बाजू बघा आणि विचार करा, गोल का नाही केली? दगड सरळ कडेचा, मोटेची धाव सरळ, आणि बारा मोटा एका विहिरीवर चालवायच्या. आठ बाजूंमुळे चौकोनाचा सरळपणाही राहतो आणि गोलाची सोयही मिळते. अष्टकोनाचा कोन १३५ अंशांचा; दोन अष्टकोन आणि एक चौरस मिळून १३५, १३५ आणि ९०, बरोबर ३६०. तुमच्या आजोळच्या ओसरीत पांढऱ्या अष्टकोनी फरशा आणि सांध्यात छोटे काळे चौकोन असतील, त्या याच हिशेबाच्या.

मग विजापूरला जा. सांगलीहून एका दिवसात जाऊन येता येतं. गोल घुमटाच्या, म्हणजे मोहम्मद आदिलशहाच्या कबरीच्या दालनात लोक बोलघुमटाचा आवाज ऐकून परत फिरतात. तुम्ही मान वर करून कमानी बघा. खालचं दालन चौरस, वर घुमट गोल. चौरसावर गोल ठेवायचा कसा? आठ कमानी एकमेकींना छेदत जातात. वरून आराखडा पाहिला तर दोन चौरस, एक दुसऱ्यावर ४५ अंशांनी फिरवलेला. आठ टोकांची चांदणी. तिच्या मधल्या अष्टकोनामुळे वरचं तोंड लहान होतं आणि घुमटाचं वजन हळूहळू भिंतींवर उतरतं. १६५६ पासून तो घुमट उभा आहे. ती चांदणी केवळ शोभेची असती तर हे झालं नसतं.

इराणचा उल्लेख मी पुन्हा करणार, कारण तुमच्या मुख्य आक्षेपाला तिथे उत्तर आहे. इस्फहानच्या दर्ब-ए-इमाम या दर्ग्यावर १४५३ सालची नक्षी आहे. पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट यांनी २००७ मध्ये दाखवलं, की असल्या नक्ष्या पाच ठरावीक आकारांच्या साच्यांनी जुळवल्या असाव्यात. दशकोन, पंचकोन, लांबट षटकोन, समभुज चौकोन आणि एक कमरेत चिमटलेला षटकोन, पाचांची बाजू एकाच मापाची. साचे पाचच, पण कारागिरापुढे वाटा किती! त्याने जे जुळवलं त्यातला काही भाग पेनरोझच्या फरशांच्या अगदी जवळ जातो, आणि मध्ये पाच शतकांचं अंतर आहे.

जीव जातो तो मोजमापाने नाही, साहेब, नकलेने जातो. एलिमेंटरीचे संकल्पचित्राचे कागद शेकड्याने माझ्या डोळ्यांखालून गेलेत. ज्या मुलीने कोपऱ्याचा हिशेब स्वतः केलेला असतो तिचा आकार पहिल्या नजरेला वेगळा कळतो. गाईडमधलं फूल उतरवणारीच्या कागदात रेघ स्वच्छ असते, पण पुढे काय करायचं ते तिला माहीत नसतं. आपल्याकडची वाकळ शिवणारी बाई ठिगळांचे तिरपे-सरळ तुकडे अंदाजाने लावत नाही. कड कडेला भिडते की नाही ते ती बोटांनी तपासते आणि मगच धावदोरा घालते. तिच्या वाकळीत जीव नाही असं तुम्हीही म्हणणार नाही.

बाई, इंटरमिजिएटच्या संकल्पचित्रासाठी मला एकमेकांत अडकलेले मासे काढायचे आहेत, एशर या चित्रकारासारखे. इंटरनेटवरून उतरवले तर छान येतात. स्वतःचे काढायला गेले की मध्ये फट राहते.
– विद्यार्थिनी, कराड

उतरवू नकोस. मासा आधी काढून मग तो जुळवायला गेलीस म्हणून फट राहते. उलट्या बाजूने सुरुवात कर, जुळणाऱ्या आकारातून मासा शोध.

जुन्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचा सहा सेंटीमीटरचा चौरस काप. डाव्या कडेतून वाटेल तसा वाकडा तुकडा काप, पण वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत. तो तुकडा न फिरवता, न उलटवता सरळ उजवीकडे सरकव आणि उजव्या कडेला चिकटव. मग वरच्या कडेतून तसाच तुकडा काप आणि खाली सरकव. क्षेत्रफळ होतं तेवढंच राहिलं, आणि एकाचा खड्डा दुसऱ्याच्या फुगवट्याला बरोबर बसणार. कोपऱ्यात चार नव्वद आधीच जुळलेले आहेत, म्हणून कड तुझ्या मनाप्रमाणे कशीही वळू शकते. हा सगळा मोकळेपणा त्या एका हिशेबामुळे मिळतो.

आता तो पुठ्ठा चारी बाजूंनी फिरवून बघ. तोंड कुठे आहे? कल्ला कुठे? मासाच निघेल असं नाही, बदक किंवा म्हातारा निघाला तर म्हातारा काढ. दिसेना तर थोडी कड बदल, पण जे डावीकडे करशील ते उजवीकडेही झालंच पाहिजे. डोळ्याची जागा घाईने ठरवू नकोस, डोळा टेकवला की आकाराला दिशा येते. चौरसावरून केलेल्या नक्षीला दोन रंग पुरतात, एक आड एक. षटकोनावरून केलीस तर तीन लागतील, कारण तिथे तीन आकार एका कोपऱ्यात भेटतात. दोन्ही रंगांचं वजन सारखं ठेव. एक गडद आणि एक फिका घेतलास तर फिका मासा पार्श्वभूमी होऊन बसेल.

हे एशरलाही एकदम जमलेलं नाही. मॉरिट्स एशर, जन्म १८९८, नेदरलँड्सचा. स्पेनमधल्या ग्रानाडाचा अल्हंब्रा राजवाडा त्याने १९२२ मध्ये पाहिला, पण खरं वेड लागलं ते १९३६ च्या दुसऱ्या भेटीत. तो आणि त्याची पत्नी तिथे बसून भिंतींवरची नक्षी उतरवत राहिले. त्या कारागिरांनी फक्त भौमितिक आकार वापरले, प्राणी-पक्षी नाहीत, याची त्याला हळहळ वाटे. त्याचा भाऊ भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक होता. त्याच्यामुळे स्फटिकांवरचे लेख एशरच्या हाती आले, त्यात गणितज्ञ जॉर्ज पोया यांचा १९२४ चा लेख होता. पुन्हा पुन्हा येणारी सपाट नक्षी सममितीच्या दृष्टीने फक्त १७ प्रकारांची असू शकते. रशियाच्या फ्योदोरोव यांनी ते १८९१ मध्येच सिद्ध केलं होतं, पोयांनी ते स्वतंत्रपणे मांडून प्रत्येक प्रकाराची एक आकृती दिली. एशरला त्यातलं गणित समजलं नाही, तसं तो उघड सांगे. पण त्याने त्या १७ आकृत्या वहीत उतरवल्या आणि त्यावरून स्वतःचे नियम तयार केले. तुझ्या आईच्या कपाटातल्या छापील साड्या काढ आणि बघ, कुठली नक्षी नुसती सरकते, कुठली अर्धा फेरा फिरते, कुठली आरशातल्यासारखी उलटते.

ताई, नातू सातवीत आहे. त्याला यातलं काही आणून द्यायचं म्हणतो. सांगलीत काय मिळेल?
– एक आजोबा, भिलवडी

महागडा संच आणू नका, आजोबा. कंपासपेटी घरात असेलच. जाड पुठ्ठा, चांगली कात्री आणि कोनमापक एवढंच घ्या. पहिल्या दिवशी त्याला मनाला येईल तसा वेडावाकडा चौकोन काढू द्या. तो पुठ्ठ्यावर ठेवून तसेच डझनभर कापा, कात्री तुम्हीही धरा. मग मिरजेच्या दादांना सांगितलं तसे आकडे घालून जमिनीवर जुळवा. ते झालं की कंपासने वर्तुळ काढून, त्रिज्या न बदलता तेच माप वर्तुळावर सहा वेळा टाका, षटकोन मिळेल. त्यानंतर त्याला पंचकोनाबद्दल काही सांगू नका. तासाभरात तो स्वतःच विचारेल, तेव्हा वरचं पलूसच्या ताईंचं उत्तर त्याच्यापुढे ठेवा आणि दोरा-खडू द्या.